काळोखाची रंगीत तालीम

अठ्ठेचाळिसाव्या वर्षी चिमणीला व्हिडिओ गेमचा नाद लागला, ही बातमी नाटकवाल्यांत पसरायला एक चहा पुरला.

चिमणी म्हणजे लाइटवाली. नाटकाच्या दुनियेत ज्याला त्याला टोपणनाव चिकटतं आणि मग खरं नाव फक्त आईला आणि बँकेला माहीत असतं. हिचं आयुष्य शिडीच्या टोकावर गेलं. खाली अण्णा उभे राहून "डावीकडे, अजून डावीकडे, हं, बस" म्हणायचे आणि वर ही बाई एका हाताने पाइप धरून दुसऱ्या हाताने लाइट वळवायची. अण्णा म्हणजे या धंद्यातलं सगळ्यांत मोठं नाव. कोणता दिवा कुठून, किती आणि कधी, हे ठरवणार अण्णा. चिमणीच्या वाट्याला शिडी. तक्रार तिने कधी केली नाही. पण जाहिरातीत 'प्रकाशयोजना' या शब्दापुढे आपलं नाव यावं असं तिला वाटत नव्हतं, असं कुणी सांगितलं तर तो बेलाशक थापा मारतोय असं समजावं.

संधी आली ती अण्णांच्या नकारामुळे. एक दिग्दर्शिका नवं नाटक बसवत होत्या. त्यांना सगळे नुसतंच 'बाई' म्हणत, आणि जरा घाबरूनच म्हणत. नाटकात आई गेल्यावर घर आवरायला आलेल्या दोन बहिणी होत्या. दुसऱ्या अंकात वीज जाते, आणि जे उजेडात कधीच बोलता आलं नसतं ते धाकटी थोरलीला काळोखात सांगते. तिथे बाईंना खराखुरा काळोख हवा होता. माणसं दिसावीत, पण काळोख अंगाला लागावा, असा.

"बाई, लोक तिकीट काढून अंधार बघायला येत नाहीत," अण्णा म्हणाले. "मी थोडा निळा टाकतो. निळं म्हणजे रात्र, हे शेंबड्या पोरालाही कळतं."

"इतकी वर्षं तुम्ही मला निळाच देत आलात," असं म्हणून बाईंनी फोन ठेवला आणि त्याच हाताने चिमणीला लावला. "करशील का?" हा प्रश्न पुरा व्हायच्या आत चिमणी हो म्हणाली. काय करायचंय ते तिने नंतर विचारलं.

आणि मग ती तास मोजायला बसली. कारण थिएटर मिळणार होतं फक्त प्रयोगाच्या दिवशी. सकाळी आदल्या नाटकाचं सामान निघणार, संध्याकाळी यांचा पडदा वर जाणार. लाइट टांगायचे, वळवायचे, प्रत्येक प्रसंगाचा उजेड ठरवायचा, यालाच एरवी चांगले दोन-तीन दिवस जातात. त्यात काळोखासारखी नाजूक गोष्ट. बाई स्पष्टवक्त्या होत्या. त्यांनी सांगून टाकलं, "रंगीत तालमीत जमलं नाही, तर अण्णांना बोलावून निळा टाकून घेईन. मग तू आहेस आणि तुझी शिडी आहे."

तिथून गेमचं खूळ सुरू झालं. ज्या सॉफ्टवेअरमध्ये मारामारीचे आणि मोटारशर्यतींचे गेम बनवतात, ज्याला गेम इंजिन म्हणतात, त्यात कुणी अख्खं थिएटरसुद्धा उभं करू शकतं. स्टेज, विंगा, पाइप, खुर्च्या, झाडून सगळं. हव्या त्या पाइपवर हवा तो दिवा टांगायचा आणि पेटवायचा. खऱ्या दिव्याचा उजेड जिथे पडेल तिथेच पडद्यावरही पडतो. लाइट ज्याच्यावरून चालवतात तो बोर्डसुद्धा कॉम्प्युटरला जोडता येतो. म्हणजे घरात जेवायच्या टेबलावर बसून प्रयोग चालवायचा, चुका करायच्या आणि शिडी न चढता दुरुस्त करायच्या. चिमणीने हे कुठेतरी बघितलं आणि ती हट्टाला पेटली. रोज सकाळ-दुपार ती टेबलाला चिकटलेली. घरातली माणसं ताटं मांडीवर घेऊन जेवू लागली.

या सगळ्यात तिचा नवरा भलताच उपयोगी पडला. तो जमिनींची मोजणी करणारा. जन्मभर भावाभावांच्या बांधांवर टेप धरून उभा राहिल्यामुळे त्याला दोन गोष्टी उत्तम येत: काटेकोर मोजणं आणि भांडणात न पडणं. थिएटरच्या व्यवस्थापकाला गोड बोलून तो आपलं यंत्र घेऊन आत गेला आणि अख्खी इमारत मोजून आला. कुठला पाइप मधोमध किंचित वाकलाय, हेसुद्धा.

"पहिल्यांदाच अशी जागा मोजली, जिथे कुणी कुऱ्हाड घेऊन उभं नव्हतं," तो म्हणाला. "आता बघा म्हणावं, तुमच्या थिएटरची खुर्चीसुद्धा तसूभर हलणार नाही."

"अहो, खुर्च्या नाही हलवायच्या. लाइट हलवायचेत."

"ते तुझं. हद्द मी आखून दिली."

सगळं तयार झाल्यावर बाई घरी आल्या. चिमणीने पडदे ओढले आणि दुसरा अंक लावला. पडद्यावरच्या छोट्या स्वयंपाकघरात मावळतीचं केशरी ऊन खिडकीतून आत आलं, भिंतीवर चढलं आणि भांड्यांवर चमकलं. हे ऊन चिमणीने फार जीव लावून केलं होतं. त्यात टेबलावरचा बल्ब लागला. आणि पट्कन वीज गेली. क्षणभर काहीच नाही. मग हळूच त्या काळोखातून टेबलाची कड आली, वाटी आली, मग दोन बायका आल्या. सगळं दिसत होतं आणि तरीही काळोख होता. बाईंनी पदराने चष्मा पुसला.

"हे," त्या म्हणाल्या. "मला अगदी हे पाहिजे. स्टेजवर याच्यात केसाचा फरक पडता कामा नये."

"नाही पडणार," चिमणी म्हणाली, आणि तेव्हा तिला ते खरंच वाटत होतं.

प्रयोगाच्या दिवशी सकाळी तर कमालच झाली. कामगारांनी दिवे टांगले, चिमणीने बोर्ड सुरू केला आणि पहिलाच लाइट टेबलाच्या बरोब्बर मध्यावर पडला. दुसरा दारावर. तिसरा थोरल्या बहिणीच्या खुर्चीवर. "डावीकडे, अजून डावीकडे" म्हणायची वेळच आली नाही. शिडी भिंतीला टेकून नुसती उभी होती. कामगारांचा मुकादम, ज्याने सकाळी 'गेमवाल्या बाई आल्या' म्हणून डोळा मारला होता, तो जेवणाच्या सुट्टीआधीच सामान आवरून तोंडात बोट घालून उभा राहिला. मोजणीदार नवरा आपण काहीच केलं नाही अशा चेहऱ्याने सगळ्यांना दिसेल असा फिरत होता.

दुपारी रंगीत तालीम सुरू झाली. थिएटरची दारं बंद झाली. प्रेक्षागृहाच्या मधोमध खुर्च्यांवर फळी टाकून केलेल्या टेबलावर चिमणी बोर्ड आणि लॅपटॉप घेऊन बसली. शेजारी बाई, समोर संहिता आणि संहितेवर छोटा दिवा. मागच्या रांगेत अण्णा येऊन बसले होते. 'सहज' आलो म्हणाले. मोजणीदार सगळ्यांत मागे, कोपऱ्यात.

पहिला अंक लोण्यासारखा गेला. दुसऱ्यात खिडकीतून मावळतीचं ऊन आलं तेव्हा विंगेतल्या लोकांनीसुद्धा "वाऽ" केलं. बल्ब लागला. वीज गेली.

आणि काहीच दिसेना. क्षणभर म्हणावं तर क्षणभर नाही. चिमणी वाट बघत राहिली. आता टेबलाची कड येईल, आता वाटी येईल. काही आलं नाही. स्टेज म्हणजे डांबराची कोठी झाली होती. थोरल्या बहिणीचं काम करणाऱ्या, सगळे ज्यांना 'काकू' म्हणत त्या ज्येष्ठ नटीचा आवाज तेवढा येत होता, आणि तोही टेबलावर गुडघा आपटल्याचा.

"चिमणे," काळोखातून बाईंचा आवाज आला, "दिवा लाव."

चिमणीच्या तोंडचं पाणी पळालं. तिने दिवे लावले, केबल तपासली, बोर्डावरचे आकडे तपासले. जिथे जेवढा उजेड ठेवला होता तिथे तेवढाच होता. तिने लॅपटॉपवर तोच प्रसंग लावला. तिथे सगळं स्वच्छ दिसत होतं: वाटी, टेबल, बायका. तिने तो पुन्हा लावला. या वेळी तिने गोष्टीकडे न बघता नुसत्या पडद्याकडे बघितलं. वीज गेल्यावर तिथेही मिट्ट काळोख होत होता, आणि मग चित्र आपलं आपण उजळत होतं.

तिने कपाळावर हात मारला. नाटकाच्या लाइटवाल्यांत आजवर कुणी केली नसेल अशी चूक तिने केली होती, कारण ती करायला गेमचं इंजिनच हवं. गेम खेळणारा उन्हातून गुहेत शिरला की त्याला दिसावं म्हणून ते इंजिन स्वतःचा डोळा विस्फारतं. ऑटो एक्स्पोजर म्हणतात त्याला. दिवे बघायला बसायचं तर ही सोय सगळ्यांत आधी बंद करायची असते. चिमणीने केली नव्हती. तिने ती आता बंद केली. पडदा डांबरासारखा काळा झाला, अगदी समोरच्या स्टेजसारखा. म्हणजे दिवे खोटं बोलले नव्हते, थिएटर खोटं बोललं नव्हतं. डोळा तेवढा उसना होता.

"माझी चूक आहे, बाई," ती म्हणाली आणि चूक काय ती सांगितली.

"चूक आहे तर सुधार."

तिने उजेड दुप्पट केला, मग चौपट. काकू दिसू लागल्या, पण त्यांच्याबरोबर भिंती दिसल्या, कॅलेंडर दिसलं, फडताळातल्या बरण्यासुद्धा दिसल्या. काळोख गेला आणि कमी पॉवरचा बल्ब लावलेलं स्वयंपाकघर उरलं. धाकटी बहीण तिथे उभी राहून आपलं गुपित सांगू लागली, तर वाटावं की ही किराण्याची यादी सांगतेय.

अण्णा पुढे आले. त्यांच्या बोलण्यात खुन्नस नव्हती, हेच चिमणीला जास्त लागलं. "निळा टाक गं," ते मऊ आवाजात म्हणाले. "प्रयोग तर होईल. आम्ही जन्मभर तेच केलं. कुणी मेलं नाही."

बाईंनी चिमणीकडे बघितलं. चिमणीने निळ्याच्या बटणाकडे बघितलं. ते दाबलं असतं तर नाटक सुखरूप पार पडलं असतं, आणि उद्यापासून ती शिडीवर गेली असती. एवढं सोपं होतं ते. तिने ते करण्याआधी जाता जाता एकदा, शेवटचा म्हणून, आपला मूळचा काळोख लावला आणि काकूंना म्हणाली, "एकदाच वाटी उचला हो."

स्टेजवर कुठेतरी खुट्ट झालं. कुणाला काही दिसलं नाही.

"उचलली," सगळ्यांत मागच्या कोपऱ्यातून घोगरा आवाज आला. "डाव्या हाताने. आता खाली ठेवली."

सगळे वळले. मोजणीदार होता.

"तुम्हाला दिसतंय?" चिमणी ओरडली.

"न दिसायला काय झालं? काकू टेबलाशी आहेत. दुसऱ्या बाई दाराला टेकून जांभई देताहेत."

"दिली होती खरी," दाराकडून ओशाळा आवाज आला.

"अहो, पण तुम्ही इतका वेळ काय करत होता?"

मोजणीदाराने डोळे चोळले. ज्याने आयुष्यात एका इंचाची थाप मारली नाही त्याला खरं बोलावंच लागलं. "जरा डोळा लागला होता," तो म्हणाला. "पहिल्या अंकापासून."

बाई फणकारल्या, अण्णा खो खो हसले, आणि चिमणी जागच्या जागी उडाली. बायकोच्या पहिल्यावहिल्या नाटकात हा माणूस घोरत पडला होता, याबद्दल त्याचा समाचार घ्यायला उभा जन्म पडला होता. आत्ता तिला दुसरंच दिसत होतं. त्याचे डोळे मिटलेले होते! मावळतीचं ऊन त्याने बघितलं नव्हतं, बल्ब बघितला नव्हता. आणि इथे टेबलाशी बसलेले शहाणे? बाईंच्या नाकासमोर संहितेचा दिवा, चिमणीच्या समोर लॅपटॉप, अण्णांच्या हातात मोबाइल. काळोख पारखायला बसलेल्या सगळ्यांच्या डोळ्यांवर उजेड, आणि काळोख दिसला तो झोपलेल्या माणसाला. खरा डोळासुद्धा विस्फारतो. फक्त इंजिनाला पळभरच वेळ लागतो, माणसाला बराच लागतो. तेवढा वेळ त्याला द्यायचा.

"टेबलावरचे सगळे दिवे बंद," ती म्हणाली. ती बाईंना हुकूम देत होती हे तिच्या ध्यानातही आलं नाही. "बाई, अण्णा, डोळे मिटून बसा. मी सांगेन तेव्हा उघडा."

बाईंना नुसतं बसायची सवय नव्हती. "झालं का?" त्या दोनदा म्हणाल्या, आणि दोन्ही वेळा चिमणीने "नाही" म्हटलं. मग ती म्हणाली, "उघडा."

काकूंनी स्टेजवर पुन्हा वाटी उचलली. मग अण्णांच्या तोंडून हलकेच "अरेच्चा" एवढंच निघालं.

पण इथेच तर घोडं पेंड खात होतं. प्रेक्षकांना काही डोळे मिटून बसा म्हणता येत नाही. त्यांनी तिकीट काढलेलं असतं. चिमणीने लॅपटॉप ओढला आणि ज्या सोयीने घात केला होता तीच पुन्हा सुरू केली. या वेळी मात्र त्या डोळ्याचा वेग कमी केला, माणसाच्या डोळ्याइतका संथ. मग त्याच डोळ्याने दुसरा अंक पहिल्यापासून बघितला. मावळतीचं ऊन आलं की डोळा आकसत होता आणि काळोखात आंधळा होत होता. म्हणजे ऊन काढायला हवं. तिने एकदा त्या उन्हाकडे पोटभर बघून घेतलं आणि ते पुसून टाकलं. त्याच्या जागी तिने सांज आणली, अंकाच्या पहिल्या वाक्यापासून हळूहळू उतरणारी. कुणाला पत्ता लागू नये इतकी हळू, ताकास तूर लागू न देता. बल्ब अर्ध्यावर आणला, मग पावावर. मध्यंतरात प्रेक्षागृहाचे दिवे पुरते लावायचे नाहीत, असं व्यवस्थापकाला बजावलं. तो कुरकुरला, बाईंनी त्याच्याकडे नुसतं बघितलं आणि तो गप्प झाला.

हे सगळं स्टेजवर करून बघायला वेळ उरला नव्हता. बाहेर लोक जमू लागले होते. बदललेल्या अंकाची तालीम झाली ती फक्त त्या इंजिनात.

"जमेल?" बाईंनी विचारलं.

"जमेल," चिमणी म्हणाली. या वेळी ते किती खरं आहे हे तिला नेमकं माहीत होतं, म्हणून तिने आकडे पुन्हा एकदा तपासले.

तिसरी घंटा झाली. चिमणी मागे वरच्या अंगाला, लाइटच्या खोलीत होती. थिएटर गच्च भरलेलं. पहिला अंक झाला, टाळ्या झाल्या. मध्यंतरात लोकांना दिवे जरा मंद वाटले, पण बटाटेवडा थोडाच बघून खायचा असतो. दुसरा अंक सुरू झाला आणि चिमणीने सांज उतरवायला घेतली. केसभर, आणखी केसभर. शेकडो माणसं बसली होती आणि त्यांच्या डोळ्यांची दारं ती एकेक करून उघडत होती, आणि एकालाही त्याचा पत्ता नव्हता.

वीज गेली.

प्रेक्षागृहात खुसखुस झाली. कुणीतरी खाकरलं. मग खुसखुस आपोआप थांबली आणि समोरच्या शेकडो पाठी, एकदम, पुढे झुकल्या. त्यांना दिसत होतं! टेबलाची कड, वाटी, वाटीवरचा थोरलीचा हात, आणि दारातली धाकटी, जिचा चेहरा दिसतो की आपण कल्पना करतोय हे कळू नये. तिने आपलं गुपित सांगितलं. तिला आवाज चढवावाच लागला नाही. इतकी माणसं आणि इतकी शांतता चिमणीने शिडीवरून कधी ऐकली नव्हती.

गुपित संपलं. थोरलीने चाचपडत काड्यापेटी शोधली आणि काडी ओढली.

एवढीशी काडी. पण त्या उघडलेल्या डोळ्यांना ती सूर्यासारखी लागली. सगळं थिएटर एका आवाजात "आऽ" म्हणालं. काकूंचं रडणारं तोंड लख्ख उजळलं, जणू या बाईला आपण आज पहिल्यांदाच बघतोय. मग जे काही झालं त्याला टाळ्या म्हणणं कमीच होईल. नाटक थांबलं. काकूंना जळती काडी धरून उभं राहावं लागलं, ती बोटांशी आली तेव्हा दुसरी ओढावी लागली. चिमणी बोर्डापाशी लहान मुलीसारखी रडत होती आणि एका बोटाने पुढचा क्यू, म्हणजे पुढच्या उजेडाचं बटण, धरून होती, कारण रडणं आपल्या जागी आणि क्यू आपल्या जागी.

शेवटी सगळे कलाकार पुढे आले. काकूंनी हात वर करून टाळ्या थांबवल्या आणि थेट मागे, लाइटच्या खोलीकडे बोट दाखवलं. "आजचा काळोख तिचा आहे," त्या म्हणाल्या. सगळं थिएटर मागे वळलं. इतक्या वर्षांच्या सवयीने चिमणी खाली वाकली. दिवे लावणाऱ्या माणसाने दिसायचं नसतं.

तेवढ्यात तिच्या मागे जिन्यावर धापा ऐकू आल्या. दुखऱ्या गुडघ्यांनी अण्णा वर आले होते. खोलीच्या शेजारी नटांच्या मागोमाग फिरवायचा मोठा दिवा उभा असतो, त्याचा दांडा त्यांनी धरला.

"ऊठ," ते म्हणाले. "सरळ उभी राहा. डावीकडे सरक. अजून डावीकडे. हं, बस."

आणि त्यांनी दिवा तिच्यावर टाकला. अण्णांचा नेम कधी चुकत नसे, आताही चुकला नाही. चिमणी उजेडाच्या मधोमध उभी राहिली. तिचे डोळे मात्र अजून काळोखालाच सरावलेले होते, त्या झोताने ते दिपले, म्हणून समोर उठून उभं राहिलेलं थिएटर तिला दिसलं नाही. तिला नुसता त्याचा आवाज ऐकू येत होता, आणि त्यात सगळ्यांत मागच्या कोपऱ्यातून एक ओळखीचा, टक्क जागा आवाज तिला नावाने हाक मारत होता.